कोल्हापूरहून पुण्याला मांजरं न्यायची आहेत: बुट्टी, गोळी आणि आधीचे तीन आठवडे

मंगळवार पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय. यजमानांची पुण्याला बदली झाली आहे आणि महिनाभरात घर हलवायचं आहे. घरात ९ वर्षांचा, नसबंदी झालेला बोका आणि २ वर्षांची पर्शियन भाटी, म्हणजे मांजरी. बोका आजवर फक्त दवाखान्यापुरता बाहेर पडला, तोही बुट्टीत (टोपलीत) घालून, वरून दुसरी बुट्टी पालथी घालून दोरीनं बांधून. दर वेळी तो वाटेत लघवी करतो आणि घसा बसेपर्यंत ओरडतो. भाटी गाडीत लाळ गाळते. ‘दोघांना एकाच बुट्टीत घालून, झोपेची गोळी देऊन पहाटे निघालो तर चालेल का? वाटेत कुठंतरी थोडं मोकळं सोडावं का?’

ताई, पहाटे निघायचं हे तुमचं अगदी बरोबर आहे. एक बुट्टी, झोपेची गोळी आणि वाटेत मोकळं सोडणं या तिन्ही गोष्टी मात्र बदला. सविस्तर लिहितो, कारण कोल्हापुरात वीस-बावीस वर्षं मांजरांचा डॉक्टर म्हणून काम करताना मला रस्त्यात झालेल्या घोटाळ्यांचं मूळ बहुतेक वेळा घरातच, निघण्याच्या आधीच्या दिवसांत सापडलं आहे.

तुमचा बोका गाडीला घाबरतो असं तुम्हाला वाटतंय. तो आधी बुट्टीला घाबरतो. त्याच्या आयुष्यात बुट्टी माळ्यावरून खाली आली की पुढं काय होतं? दोघं जण त्याला पलंगाखालून ओढतात, कोंबतात, दोरी आवळतात, आणि शेवटी मी सुई टोचतो. नऊ वर्षांत एकदाही त्या बुट्टीतून त्याला काही चांगलं मिळालेलं नाही. मांजर आपला मुलूख वासावरून ओळखतं. गाल, हनुवटी घासून स्वतःचा वास जिथं लावलेला असतो तिथं ते निर्धास्त असतं. माळ्यावरच्या बुट्टीला धुळीचा आणि मागच्या वेळच्या भीतीचा वास असतो. अशा वस्तूत बांधून घराबाहेर काढलं तर कुठलंही मांजर ओरडेल.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोन प्लॅस्टिकचे कडक कॅरियर, म्हणजे मांजर न्यायच्या पेट्या, आणा, प्रत्येकाला वेगळा. वरचं अर्धं झाकण सुटं होणारा घ्या आणि बाजूच्या चापांबरोबर स्क्रूही आहेत का बघा. नुसत्या चापांवरचं झाकण वजनानं उघडल्याचं मी पाहिलंय. आत मांजराला उभं राहता आणि वळता आलं पाहिजे, पण फार ऐसपैस नको. मोठ्या पेटीत ब्रेक लागला की मांजर या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतं. चेनची कापडी पिशवी शांत मांजराला चालते. घाबरलेलं मांजर नाकानं आणि नखानं चेन उघडतं. बुट्टी, पोतं, भाजीची नायलॉनची पिशवी आणि भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका विसरा. लघवीनं भिजलेल्या खोक्याचा तळ जिन्यातच सुटलेला मी पाहिला आहे.

कॅरियर आणला की त्याच दिवशी झाकण आणि दार काढून टाका. खालचा अर्धा भाग नुसता परडीसारखा, बोका जिथं दुपारी झोपतो त्या कोपऱ्यात ठेवा. आत त्याच्या अंगाखालची, न धुतलेली चादर घाला. तुम्ही वापरलेल्या जुन्या सुती साडीचा तुकडाही चालेल. मग दोन-तीन दिवस त्याला बोलावू नका, उचलून आत ठेवू नका. जेवणाची ताटली आधी पेटीच्या शेजारी, मग काठावर, मग आत ठेवा. तो आत बसून खायला लागला की झाकण बसवा, दार नको. पाच-सहा दिवसांनी दार लावा, तेही तो खात असताना, दहा-पंधरा सेकंद. त्यानं मान वर करायच्या आत उघडा. हळूहळू पाच मिनिटांपर्यंत जा. मग पेटी उचलून खोलीत एक फेरी मारा आणि खाली ठेवून बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. हा तुकडा पेटीबाहेर कधीच द्यायचा नाही, त्याचं मोल तिथंच राहू द्या. सुकट दिलीत तर एखाद-दुसरीच, ती खारट असते.

तिसऱ्या आठवड्यात पेटी गाडीत ठेवा, इंजिन बंद ठेवूनच. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करा, पण गाडी जागची हलवू नका. मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या, मग रंकाळ्याला एक चक्कर, आणि परत घरी. परत घरी येणं फार महत्त्वाचं आहे. गाडीत बसलं की दरवेळी दवाखानाच येत नाही, हे मांजराला चार-पाच वेळा कळावं लागतं. एखाद्या पायरीवर बोका बिथरला तर एक पायरी मागं या. २०१८ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी २२ मांजरांवर हेच करून पाहिलं. निम्म्यांना सहा आठवडे पेटीची सवय लावली, निम्म्यांना नाही. सवय लावलेली मांजरं गाडीत शांत राहिली, नंतरच्या तपासणीलाही कमी वेळ लागला. तुमच्याकडे महिना आहे. सहा आठवडे नसले तरी तीन आठवड्यांत मी पक्के बिथरणारे बोके पेटीत घोरताना पाहिलेत.

दोघांना एकाच पेटीत का नको, हे नीट समजून घ्या, कारण ‘एकमेकांना आधार होईल’ असं वाटणं साहजिक आहे. घाबरलेलं मांजर ज्याच्यावर हल्ला करायचा त्याच्यापर्यंत पोचू शकत नसेल तर जवळ जो असेल त्याच्यावर तुटून पडतं. बाहेर ट्रकनं हॉर्न दिला, आत बोक्यानं भाटीला फाडलं, असं होतं. जखम बरी होते, पण त्या दिवसापासून दोघांचं बिनसतं आणि महिनोन्‌महिने जुळत नाही. पेट्या शेजारी ठेवा, मध्ये कापड ठेवा. एकमेकांचा वास येतो, तेवढा आधार पुरतो.

आता गोळी. आपल्याकडे मेडिकलमधून माणसाची झोपेची गोळी आणून ‘पाव’ द्यायची पद्धत आहे. कृपा करून देऊ नका. आणि प्रवासाआधी अंग तापलंय असं वाटून तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच नाही. मांजराच्या यकृतात हे औषध पचवून बाहेर टाकणारी व्यवस्था फार तोकडी असते. एक गोळीसुद्धा जीव घेते. हिरड्या मातकट-निळ्या होतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. हात लावून मांजर गरम लागणं म्हणजे ताप नव्हे, त्याचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. तसंच प्रवासाआधी गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे.

पूर्वी मांजरांना एसेप्रोमॅझिन नावाचं गुंगीचं औषध देत. त्यानं शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते आणि रक्तदाब उतरतो. घाबरलेल्या प्राण्याला हलता येऊ नये, यापेक्षा वाईट काय असेल? मी प्रवासासाठी ते देत नाही. हल्ली गॅबापेंटिन वापरतो. ते भीती उतरवतं, थोडी पेंग आणतं. साधारण मोठ्या मांजराला ५० ते १०० मिलिग्रॅम, निघण्याच्या दोन-अडीच तास आधी. पण हा आकडा वाचून स्वतः देऊ नका. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, आणि ९ वर्षांच्या बोक्याची मूत्रपिंडं कशी आहेत हे रक्त तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही. ती कमजोर असतील तर मात्रा बरीच कमी करावी लागते. शिवाय आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघायचं, कारण काही मांजरं त्यानं जास्तच झुलतात. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रीगॅबालिन हे याच जातकुळीचं औषध खास मांजरांच्या प्रवासाच्या भीतीसाठी मंजूर झालं. म्हणजे मांजराला प्रवासात भीती वाटते, तिच्यावर औषध असावं, हे आता सगळेच मान्य करतात. भाटीचं लाळ गाळणं मला गाडी लागल्याचं लक्षण वाटतं. तिला मळमळ थांबवणारं मॅरोपिटंट देता येईल, पण आधी एकदा तपासायला आणा. पेटीत फवारायचे फेरोमोनचे, म्हणजे मांजराला निर्धास्त करणाऱ्या वासाचे, स्प्रे मिळतात. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. वापरलात तर मांजर आत घालायच्या पंधरा मिनिटं आधी मारा, ओलं असताना नको.

इथं थोडं विषय सोडून, पण गरजेचं. पेटी घरात कायम उघडी ठेवायची सवय कोल्हापूरकरांनी तर लावून घेतलीच पाहिजे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पुराचा इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, महामार्गही बंद पडला. शाहूपुरी कुंभार गल्लीपासून प्रयाग चिखलीपर्यंत लोक घरं सोडून निघाले. कुत्री माणसांमागून आली, गुरं सोडून दिली गेली, मांजरं माळ्यावर चढून बसली. बोट दारात थांबते ती काही मिनिटं, त्यात घाबरलेलं मांजर हाती लागत नाही. त्या दिवसांत ‘मांजर वरच राहिलं’ म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्यांची मांजरं स्वतःहून पेटीत जाऊन बसायची, ती बाहेर आली. अगदीच काही नसेल तर उशीची सुती खोळ. मांजर आत घालून तोंड गाठ मारून बंद करा, त्यातून श्वास घेता येतो. पण हे फक्त जिवावरच्या प्रसंगी.

तर पुण्याकडं वळू. निघायच्या दिवशी सगळ्यात मोठा धोका टेम्पोवाले आल्यावर असतो. दारं सताड उघडी, कपाटं सरकवली जातात, अनोळखी माणसं, आरडाओरडा. या तासाभरात पळालेलं मांजर गल्लीत सापडायला आठवडा लागतो, कधी सापडतच नाही. म्हणून आदल्या रात्रीच दोघांना न्हाणीघरात किंवा एका खोलीत ठेवा. सोबत पाणी, लिटरचा (मांजराच्या शी-शूच्या वाळूचा) ट्रे, पेट्या. दारावर मोठ्या अक्षरात ‘मांजर आत आहे, दार उघडू नये’ असं लिहून चिकटवा. जमलं तर मांजरांना घेऊन एकानं आधी निघावं आणि सामान मागून यावं.

खाणं आदल्या रात्री हलकं द्या. पहाटे पाचला निघणार असाल तर सकाळी काही नको. पाणी निघेपर्यंत राहू द्या. बोका स्वतःहून आत गेला तर उत्तम. नाही गेला तर झाकण काढा, त्याला टॉवेलात गुंडाळून वरून अलगद बसवा आणि झाकण लावा. समोरच्या दारातून डोक्याकडून ढकललंत तर चारी पाय चौकटीला लावून तो तुम्हाला हरवणार. मानगूट धरून उचलू नका. मांजरी पिल्लांना तशी सात घरं फिरवते हे खरं, पण पाच किलोच्या बोक्याला त्यानं दुखतं आणि तो आणखी भितो. पेटी वरच्या कडीनं हेलकावत नेऊ नका. खालून दोन्ही हातांनी, छातीशी धरून न्या.

गाडीत पेटीची जागा पुढच्या सीटच्या मागं, पाय ठेवायच्या जागेत. तिथं ती सरकत नाही आणि जोरात ब्रेक लागला तर उडत नाही. दुसरी पेटी ड्रायव्हरच्या सीटमागं. मागच्या सीटवर ठेवून कडीतून सीटबेल्ट घालणारे बरेच असतात, पण धक्क्यानं कडी तुटते. मांडीवर तर नकोच. पेटीवर पातळ सुती कापड टाका, एक बाजू हवेसाठी उघडी ठेवा. डोळ्यांसमोरून पळणारं जग झाकलं की बरीच मांजरं गप्प होतात. खाली लघवी शोषणारं पॅड घाला, दोन-तीन जास्तीची सोबत घ्या. एसी सौम्य ठेवा, झोत पेटीवर नको. गाणी बंद.

कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर. रस्त्याची कामं धरून पाच तास मोजा, थोडे जास्तच. एवढा वेळ मोठं मांजर बिनपाण्याचं, बिनलघवीचं आरामात राहतं, त्यामुळं वाटेत बाहेर काढायची गरजच नाही. पहिली वीस-तीस मिनिटं, म्हणजे किणी टोल येईपर्यंत, बोका ओरडेल. ओरडू द्या. हळू आवाजात एखादा शब्द बोला, पण कीव येऊन दार उघडू नका. माझ्याकडं येणाऱ्या एका कुटुंबानं साताऱ्याच्या अलीकडं चहाला थांबल्यावर ‘बिचारी गुदमरली असेल’ म्हणून गाडीतच पेटी उघडली. त्याच वेळी मुलानं गाडीचं दार उघडलं. भाटी महामार्ग ओलांडून उसात गेली. ते लोक तीन शनिवार तिथं जाऊन हाका मारत फिरले. ती सापडली नाही. म्हणून पेटीचं दार पुण्याच्या घरातल्या बंद खोलीतच उघडायचं, मध्ये कुठंही नाही.

गाडी बंद करून मांजरांना आत ठेवून जेवायला जाणं हेही तितकंच घातक आहे. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरपेक्षा दहा अंशांनी तापते, काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. तुमची पर्शियन यात सगळ्यात आधी अडचणीत येईल. चपट्या नाकामुळं तिला श्वासावाटे उष्णता बाहेर टाकायला कष्ट पडतात, वर अंगावर लोकरीसारखे केस. गाठी झाल्या असतील तर जायच्या आठवडाभर आधी काढून घ्या. तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली तर गाडी सावलीत थांबवा, कापड काढा, एसी वाढवा. पंजे आणि पोटाकडची बाजू साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसा, बर्फ नको. पाच मिनिटांत तोंड मिटलं नाही, किंवा जीभ निळसर दिसली, तर सरळ जवळचा दवाखाना गाठा. कराड आणि साताऱ्यातल्या डॉक्टरांचे नंबर निघायच्या आधीच फोनमध्ये घालून ठेवा. पुढं शिरवळला महामार्गालगतच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही लक्षात असू द्या.

गाडीची सोय झाली नाही तर रेल्वे आहे, पण नियम समजून घ्या. फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच प्राणी सोबत नेता येतो. स्लीपर, टू टियर, थ्री टियरमध्ये नाही. दुसरा मार्ग गार्डच्या ब्रेक व्हॅनचा, म्हणजे सामानाच्या डब्याचा. तिथला आवाज आणि एकटेपण बघता मी कुठल्याच मांजराला तिथं पाठवणार नाही. प्रवासाला प्राणी योग्य असल्याचं पशुवैद्याचं प्रमाणपत्र १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत सांगितलं आहेच, ते आणि रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीनं गेलात तरी जवळ ठेवा. त्याच नियमांत दिवस भरत आलेल्या मांजरीला हलवायला मनाई आहे. भाटीची नसबंदी झाली नसेल आणि ती रस्त्यावर हिंडत असेल तर मला आधी सांगा.

पोचल्यावर अख्खा फ्लॅट दाखवू नका. एक खोली निवडा, त्यात ट्रे, पाणी, जुन्या घरची न धुतलेली चादर आणि उघड्या पेट्या. खिडकीला जाळी आहे का, हे मांजर बाहेर काढायच्या आधी बघा. ट्रेमधलं लिटर आणि खाणं जुनंच ठेवा, नवं घर आणि नवं खाणं एकदम नको. बोका दोन दिवस पेटीतच बसेल. बसू द्या, ओढून काढू नका. तो शेपूट वर करून खोलीभर गाल घासत फिरायला लागला की दुसरी खोली उघडा. घराबाहेर मात्र महिनाभर सोडू नका, नाहीतर तो कोल्हापूरच्या दिशेनं चालू लागेल.

या दिवसांत तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. बोक्यानं २४ तासांत लघवी केली नाही, किंवा ट्रेमध्ये बसून नुसता कुंथत राहिला, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. ताणानं बोक्यांची मूत्रनलिका तुंबते आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. लोक याला बद्धकोष्ठ समजतात आणि तेल पाजत बसतात. दुसरं, दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर थांबू नका. विशेषतः जाडं मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचते. आणि साधारण आठवड्यानं शिंका, डोळ्यांतून पाणी सुरू झालं तर ते पुण्याच्या हवेमुळं असेलच असं नाही. लहानपणी झालेला हर्पीसचा विषाणू मांजराच्या शरीरात दबा धरून असतो, ताण आला की डोकं वर काढतो. पर्शियनमध्ये मी हे जास्त पाहतो. पुणे महापालिकेनं २०२२ पासून मांजर पाळायलाही परवाना लागू केलाय, त्याला लसीचं कार्ड लागेल.

बोक्याला या आठवड्यात उपाशीपोटी रक्त तपासायला आणा, भाटीलाही सोबत आणा. रिपोर्ट हातात आला की गोळीचं आणि मात्रेचं ठरवू. बुट्टीतून आणू नका. कॅरियर आजच घ्या आणि येताना बोक्याला त्यातच बसवा. सवय व्हायच्या आधी ही एक खेप होतेय, याचं वाईट वाटून घेऊ नका. घरी गेल्यावर झाकण काढून ती पेटी त्याच्या कोपऱ्यात ठेवा आणि रात्रीचं जेवण तिच्या शेजारी वाढा.